तारापिधान, दूरस्थ हिमपिंडांचे

सूर्यकुलातील एखादा पिंड आपल्या कक्षेत फिरत असताना निरीक्षक व एखादा तारा यांच्या बरोबर मध्ये आला, म्हणजे तो तारा काही काळ दिसेनासा होतो. या आविष्कारास तारापिधान किंवा नुसते पिधान म्हणतात. चंद्राकडून होणारी ताऱ्यांची पिधाने प्राचीन काळापासून पाहण्यात आहेत. चंद्राआड रोहिणी किंवा मघा गेलेली नुसत्या डोळ्यांनीही दिसते. वरुण (नेपच्यून) ग्रहाच्या आसपास व त्याच्याही पलीकडे सूर्याभोवती फिरणाऱ्या हिममय पिंडांकडून होणारी पिधाने मात्र अगदी वेगळ्या प्रकारची असतात. तेथे झाकणारा पिंड इतका मंद असतो की, पुष्कळदा तो दूरदर्शकातून दिसतच नाही. दिसतो तो केवळ ताऱ्याचा प्रकाश, व तोही काही सेकंदांपुरता नाहीसा होतो. एवढ्या तुटपुंज्या घटनेवरून त्या पिंडाचा आकार, त्याला वातावरण आहे की नाही, त्याच्याभोवती कडी आहेत की नाहीत, यांसारख्या प्रश्नांची उत्तरे मिळविता येतात. अवकाशयान पाठवून प्रत्यक्ष पाहणी करण्याचा मार्ग सोडल्यास या बाबतीत इतके सूक्ष्म मापन देणारी दुसरी पद्धत नाही.

तारा अतिदूर असल्याने त्याचे किरण समांतर मानता येतात. त्यामुळे हिमपिंडाची पृथ्वीवर पडणारी छाया जवळजवळ त्या पिंडाएवढीच रुंद असते व ती सर्वसाधारणतः दर सेकंदाला २० ते २५ किमी. वेगाने भूपृष्ठावरून सरकत जाते. छायेच्या पट्ट्यात असलेल्या निरीक्षकाला तारा जितके सेकंद दिसत नाही, त्या काळास छायेच्या वेगाने गुणले म्हणजे पिंडाच्या बिंबाची एक जीवा मिळते. निरनिराळ्या ठिकाणांहून अशा अनेक जीवा मिळाल्या, तर त्या एकमेकींशेजारी मांडून बिंबाची संपूर्ण बाह्यरेषा काढता येते. एकच जीवा मिळाली, तर पिंड निदान तेवढा तरी मोठा आहे एवढेच म्हणता येते. हा भेद साधा दिसला, तरी या विषयाच्या इतिहासात त्याला फार महत्त्व आहे.

खरी अडचण छाया कोठे पडणार हे आधी सांगण्याची होती. प्लूटो (कुबेर) पृथ्वीपासून ३३ ज्योतिषशास्त्रीय एकके (पृथ्वी व सूर्य यांमधील सरासरी अंतराच्या ३३ पट) दूर आहे असे धरल्यास, एक विकलेएवढा कोन तेथे सु. २४,००० किमी. लांबीइतका होतो. म्हणजे ताऱ्याच्या किंवा प्लूटोच्या स्थानात एका विकलेची चूक राहिली, तर छायेचा पट्टा पृथ्वीच्या व्यासाच्या जवळजवळ दुपटीने सरकतो व पृथ्वीवर पडणारी छाया अवकाशातच निघून जाते. विसाव्या शतकातील तारकासूचींमध्ये मंद ताऱ्यांच्या स्थानांत विकलेच्या काही दशांशांच्या चुका सहज असत. म्हणून पुष्कळ वर्षे ही पद्धत मोठ्या ग्रहांपुरतीच मर्यादित राहिली. ग्रहाच्या वातावरणाची माहिती या मार्गाने मिळते, हे डब्ल्यू. ए. बाउम व ए. डी. कोड यांनी २० नोव्हेंबर १९५२ रोजी गुरूने मेष राशीतील एका ताऱ्याचे केलेले पिधान प्रकाशविद्युत् उपकरणाने नोंदवून दाखविले होते.

प्लूटोच्या बाबतीत पहिले फळ पिधान न झाल्यामुळे मिळाले, ही गोष्ट चमत्कारिक वाटण्यासारखी आहे. जी. पी. कुइपर यांनी १९५० मध्ये पॅलोमार येथील ५ मी. व्यासाच्या दूरदर्शकातून प्लूटोचा व्यास सु. ५,९०० किमी. असल्याचे अनुमान काढले होते. परंतु एवढे लहान बिंब वातावरणातील थरथरीत नीट मोजता येत नाही. २८ एप्रिल १९६५ रोजी प्लूटो एका मंद ताऱ्याच्या अगदी जवळून गेला. उत्तर अमेरिकेतील वेधशाळांनी तारा झाकला जाण्याची वाट पाहिली, परंतु तो कोठूनही झाकला गेला नाही. इआन हॅलिडे व त्यांचे सहकारी यांनी या नकारात्मक निरीक्षणांवरून प्लूटोचा व्यास ६,८०० किमी.पेक्षा जास्त असू शकत नाही असे दाखविले. आज ज्ञात असलेल्या २,३७७ किमी. व्यासाच्या मानाने ही मर्यादा फारच सैल होती. तथापि प्लूटोचे वस्तुमान पृथ्वीच्या वस्तुमानाजवळ जाणारे आहे असे त्या काळी मानले जात असल्यामुळे, तो इतका लहान असेल तर त्याची घनता अशक्य कोटीतील ठरते, हा पेच या मर्यादेने स्पष्ट झाला.

एकदोन ठिकाणांच्या नोंदींवर विसंबण्यातील धोका पुढील दशकात दोनदा दिसून आला व दोन्ही वेळा भारतातील कावलूर (तमिळनाडू) येथील वेधशाळेचा त्याच्याशी संबंध आला. ७ जून १९७२ रोजी गुरूच्या गॅनिमीड या हिममय उपग्रहाने एका ताऱ्याचे पिधान केले. त्याचे वेध जावा बेटावरून व कावलूर येथून घेण्यात आले. व्यास सु. ५,२७० किमी. निघाला व तो आजच्या मूल्याशी बराच जुळतो. मात्र तारा एकदम नाहीसा न होता थोडा हळूहळू मंदावला असे प्रकाशवक्रावरून दिसल्याने, गॅनिमीडला सु. एक मायक्रोबार (पृथ्वीच्या पृष्ठभागावरील हवेच्या दाबाच्या सु. एक दशलक्षांश) दाबाचे वातावरण असावे, असा निष्कर्ष १९७३ मध्ये प्रसिद्ध करण्यात आला. १९७९ मध्ये व्हॉयेजर–१ या यानाने जंबुपार प्रकाशात घेतलेल्या अशाच एका पिधानाच्या वेधांनी तो निष्कर्ष टिकू दिला नाही. तेथील वातावरण त्याच्या कित्येक हजारपट विरळ असल्याचे आढळले.

दुसरी घटना १० मार्च १९७७ ची. प्रजापती (युरेनस) हा मोठा ग्रह असल्यामुळे प्रस्तुत विषयाच्या कडेवरच येतो. परंतु दूरच्या पिंडांभोवती कडी शोधण्याची रीत त्याच्यापासूनच सुरू झाली. ब्रिटिश गणिती जी. ई. टेलर यांनी १९७३ मध्येच या पिधानाचे भाकीत केले होते. अमेरिकेतील जेम्स एल. एलियट (१९४३–२०११), ई. डब्ल्यू. डनहॅम व डी. जे. मिंक यांनी कुइपर हवाई वेधशाळा या विमानात बसविलेल्या ९१ सेंमी. दूरदर्शकातून दक्षिण हिंदी महासागरावर उडत असताना त्याचे वेध घेतले. भाकितातील अनिश्चिततेमुळे त्यांनी उपकरणे अर्ध्या तासाहून अधिक आधी सुरू करून ठेवली होती. या खबरदारीमुळेच ग्रहाने तारा झाकण्यापूर्वी ताऱ्याचा प्रकाश पाच वेळा क्षणभर कमी झाल्याचे नोंदले गेले. ग्रहामागून तारा बाहेर आल्यावर तसेच पाच मंदावणे उलट क्रमाने पुन्हा दिसले. उपग्रह दोन्ही बाजूंना अशा समान अंतरांवर असणे संभवत नसल्याने ही अरुंद कडी आहेत हे सिद्ध झाले. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पर्थ येथूनही त्यांची नोंद झाली.

त्याच रात्री कावलूर येथे जे. सी. भट्टाचार्य व के. कुप्पुस्वामी यांनी १०२ सेंमी. परावर्तक दूरदर्शकावर प्रकाशमापक लावून त्याच ताऱ्याचा प्रकाश नोंदविला. ग्रहाची छाया कावलूरवरून गेली नाही. परंतु प्रकाशात एक स्पष्ट खंड पडला. एकच खंड हाती असल्यामुळे त्यांनी त्याचा अर्थ प्रजापतीचा एक नवा उपग्रह असा लावला व त्याच मथळ्याचे निवेदन नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वस्तुतः तो खंड सर्वांत दाट अशा एप्सिलॉन कड्याचा होता. निरीक्षण निर्दोष होते. ते एकाकी पडले व अनुमान चुकले, असेच म्हणावे लागेल. विमानातील निरीक्षकांनाही केवळ ग्रहाच्या एका बाजूची नोंद मिळाली असती, तर त्यांची स्थिती फारशी वेगळी झाली नसती. नैनिताल येथील तत्कालीन उत्तर प्रदेश राज्य वेधशाळेतूनही या पिधानाचे वेध घेण्यात आले होते. वरुणाच्या बाबतीत हीच गोष्ट उलट दिशेने घडली. २२ जुलै १९८४ रोजी चिलीतील दोन वेधशाळांना ग्रहाच्या एकाच बाजूला ताऱ्याचा प्रकाश कमी झालेला दिसला. कडे पूर्ण असते तर तो दुसऱ्या बाजूलाही कमी व्हावयास हवा होता, म्हणून कड्याचे तुटक कंस आहेत असे मानण्यात आले. १९८९ मध्ये व्हॉयेजर–२ ने घेतलेल्या छायाचित्रांत कडी पूर्ण असून त्यांपैकी एकाचे काही भागच दाट असल्याचे उघडकीस आले.

प्लूटोचा शेरॉन हा उपग्रह जेम्स डब्ल्यू. क्रिस्टी यांनी १९७८ मध्ये शोधून काढला. त्यानंतर दोनच वर्षांनी, ७ एप्रिल १९८० रोजी, शेरॉनने केलेल्या एका ताऱ्याच्या पिधानाचे वेध दक्षिण आफ्रिकेतील सदरलँड येथून ए. आर. वॉकर यांना मिळाले. तारा सु. ५० सेकंद दिसेनासा झाला होता. एकाच जीवेवरून शेरॉनचा व्यास निदान १,२०० किमी.च्या जवळपास असला पाहिजे असे ठरले. ही जीवा सुदैवाने बिंबाच्या मध्याजवळून गेली होती. आजचे मूल्य १,२१२ किमी. आहे. तारा हळूहळू न मंदावता एकदम गेला व एकदम परत आला, यावरून तेथे जाणवण्याजोगे वातावरण नसावे असे दिसले आणि ११ जुलै २००५ च्या पिधानाने ते पक्के झाले.

प्लूटोला वातावरण आहे की नाही, हा प्रश्न मात्र वादग्रस्त होता. त्याच्या पृष्ठावर मिथेनाचा बर्फ असल्याचे १९७६ मध्ये वर्णपटावरून समजले होते व बर्फ आहे तेथे थोडी वाफ असणार, एवढे तर्काने म्हणता येत होते. १९ ऑगस्ट १९८५ रोजी इझ्राएलमधील वाइझ वेधशाळेतून एन. ब्रॉश यांना प्लूटोकडून झालेल्या पिधानाची नोंद मिळाली. परंतु परिस्थिती प्रतिकूल असल्याने तिच्यावर भर देता आला नाही व तिचे सविस्तर विवेचन १९९५ मध्येच प्रसिद्ध झाले. निर्णायक वेध ९ जून १९८८ रोजी मिळाले. एलियट व त्यांचे सहकारी पुन्हा त्याच हवाई वेधशाळेतून पॅसिफिक महासागरावर गेले होते, तर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील अनेक ठिकाणी जमिनीवरून वेध घेतले गेले. ताऱ्याचा प्रकाश एकदम तुटला नाही, तर सावकाश कमी होत गेला.

हे मंदावणे वायूने प्रकाश शोषल्यामुळे होत नाही. वातावरण खालच्या थरांत अधिक दाट असल्यामुळे तेथून जाणाऱ्या किरणांचे प्रणमन (मार्ग वळणे) वरच्या थरांतील किरणांपेक्षा जास्त होते. त्यामुळे किरण एकमेकांपासून फाकतात व निरीक्षकापर्यंत पोहोचणारा प्रकाश विरळ होतो. मंदावण्याच्या त्वरेवरून वायूचा दाब उंचीनुसार किती झपाट्याने कमी होतो हे कळते व त्यावरून तापमान आणि रेणुभार यांच्या गुणोत्तराचा अंदाज येतो. येथे मोजला जाणारा दाब काही मायक्रोबार एवढाच असतो. चार ते पाच अब्ज किमी. अंतरावरील इतकी विरळ हवा पृथ्वीवरून मोजता यावी, हे या पद्धतीचे सर्वांत मोठे यश होय. १९८८ च्या प्रकाशवक्राच्या खालच्या भागात एकदम तीव्र उतार आढळला. तो धुक्यामुळे की तापमानातील झपाट्याच्या बदलामुळे, याविषयी पुष्कळ वर्षे एकमत झाले नाही. न्यू होरायझन्स हे यान १४ जुलै २०१५ रोजी प्लूटोजवळून गेले तेव्हा धुक्याचे थर व पृष्ठाजवळ तापमानाचा तीव्र चढ अशा दोन्ही गोष्टी तेथे सापडल्या.

वातावरण सापडल्यानंतर त्याच्या भवितव्याची चर्चा सुरू झाली. प्लूटो १९८९ मध्ये उपसूर्य बिंदूतून (कक्षेतील सूर्याला सर्वांत जवळच्या बिंदूतून) गेला व नंतर सूर्यापासून दूर जाऊ लागला. पृष्ठावरील नायट्रोजनाचा बर्फ व त्याची वाफ यांत समतोल असल्यामुळे, पृष्ठ थंड होताच वातावरण गोठून खाली पडेल अशी बहुतेकांची अपेक्षा होती. प्लूटोकडे यान लवकर पाठविले पाहिजे, अन्यथा अभ्यासण्यासाठी तेथे वातावरणच उरणार नाही, असा युक्तिवादही करण्यात येई. २० जुलै व २१ ऑगस्ट २००२ रोजी झालेल्या दोन पिधानांनी ही अपेक्षा खोटी ठरविली. एलियट यांचा गट व पॅरिस वेधशाळेतील ब्रूनो सिकार्डी यांचा गट या दोहोंना, १९८८ च्या तुलनेने दाब सु. दुप्पट झालेला आढळला. पुढील वर्षांत तो आणखी वाढत गेला व २०१५–१६ पर्यंत मूळच्या सु. तिप्पट झाला. बर्फाचे साठे तापण्यास व थंड होण्यास दीर्घकाळ घेतात आणि सूर्याचा प्रकाश प्लूटोच्या कोणत्या गोलार्धावर पडतो यावरही बाष्पीभवन अवलंबून असते, असे याचे स्पष्टीकरण देण्यात येते. स्पुटनिक प्लॅनिशिया या विस्तीर्ण खोलगट भागातील नायट्रोजनाच्या बर्फाचा यात मोठा वाटा असल्याचे २०१५ नंतरच्या अभ्यासांतून दिसते. वरुणाचा ट्रायटन हा उपग्रहही असाच वागतो. १९९७ मधील पिधानांवरून त्याच्या वातावरणाचा दाब १९८९ पेक्षा वाढलेला दिसला होता. ५ ऑक्टोबर २०१७ रोजी यूरोप व अमेरिकेतून घेतलेल्या विपुल वेधांत तो पुन्हा व्हॉयेजर–२ ने मोजलेल्या मूल्याजवळ आलेला आढळला.

कुइपर पट्टा : प्लूटो व शेरॉन वगळता वरुणापलीकडील पहिला पिंड १९९२ मध्ये सापडला. त्यानंतर असे पिंड शेकड्यांनी सापडू लागले, तरी त्यांच्याकडून होणारे पिधान हाती येण्यास आणखी सतरा वर्षे लागली. या पिंडांच्या कक्षा थोड्याच वर्षांच्या वेधांवरून काढलेल्या होत्या व बिंबे प्लूटोच्याही मानाने लहान होती. ९ ऑक्टोबर २००९ रोजी २००२ टीएक्स३०० या पिंडाच्या छायेचा मार्ग अडविण्यासाठी एलियट यांनी पॅसिफिक प्रदेशात अनेक ठिकाणी निरीक्षक बसविले होते. त्यांपैकी हवाई बेटांवरील दोन ठिकाणांहून पिधान दिसले. व्यास सु. २८६ किमी. निघाला. पिंड अपेक्षेपेक्षा बराच लहान म्हणून त्याचे पृष्ठ अत्यंत तेजस्वी, म्हणजे जवळजवळ शुद्ध पाण्याच्या बर्फाचे असले पाहिजे, हेही त्यावरून समजले.

एरिसच्या पिधानाचा परिणाम विज्ञानाबाहेरही चर्चिला गेला. २००५ मध्ये या पिंडाचा शोध जाहीर झाला तेव्हा तो प्लूटोपेक्षा मोठा मानला गेला व ग्रह कशास म्हणावे हा प्रश्न ऐरणीवर आला. ऑगस्ट २००६ मध्ये आंतरराष्ट्रीय ज्योतिषशास्त्रीय संघाने केलेल्या व्याख्येनुसार प्लूटोची गणना बटुग्रहांत झाली. ६ नोव्हेंबर २०१० रोजी एरिस पृथ्वीपासून सु. ९६ ज्योतिषशास्त्रीय एकके दूर असताना त्याने एका १७ व्या प्रतीच्या मंद ताऱ्याचे पिधान केले. चिलीमधील ला सीया व सान पेद्रो दे आताकामा या दोन ठिकाणांहून जीवा मिळाल्या. व्यास २,३२६ किमी. आला. प्लूटोचा व्यास त्या वेळी एवढ्या अचूकपणे सांगता येत नव्हता. कारण त्याच्या वातावरणातील प्रणमनामुळे पृष्ठाची कड पिधानात नीट सापडत नाही. २०१५ मध्ये यानाने तो मोजला तेव्हा एरिस व्यासाने प्लूटोपेक्षा किंचित लहानच ठरला. वस्तुमानाने मात्र तो सु. एक चतुर्थांशाने अधिक आहे, त्यामुळे व्याख्येमागील मूळ प्रश्न व्यासाच्या या फरकाने सुटला किंवा बिघडला असे नाही. एरिसचे पृष्ठ त्यावर पडणाऱ्या दृश्य प्रकाशापैकी सु. ९६ टक्के परावर्तित करते. वातावरण गोठून पृष्ठावर ताज्या हिमाचा थर बसल्याने असे होत असावे. २३ एप्रिल २०११ रोजी दक्षिण अमेरिकेतून वेधलेल्या माकेमाके या बटुग्रहालाही प्लूटोसारखे वातावरण नसल्याचे स्पेनमधील जे. एल. ऑर्टिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. एकाच प्रकारचे बर्फ असूनही प्लूटोला वातावरण असावे व माकेमाकेला नसावे, याचे कारण अद्याप पुरते उलगडलेले नाही.

कडी ही केवळ मोठ्या ग्रहांचीच असतात, ही समजूत ३ जून २०१३ रोजी संपुष्टात आली. शनी व प्रजापती यांच्या कक्षांमध्ये फिरणाऱ्या कॅरिक्लो या सु. २५० किमी. व्यासाच्या पिंडाकडून होणारे पिधान दक्षिण अमेरिकेत अनेक ठिकाणी वेधले गेले. ला सीया येथील डॅनिश दूरदर्शकावर अतिशय वेगाने चित्रे घेणारा कॅमेरा होता. त्याने मुख्य पिधानापूर्वी व नंतर दोन-दोन सूक्ष्म खंड वेगळे दाखविले. सु. ७ व ३ किमी. रुंदीची दोन कडी केंद्रापासून अनुक्रमे ३९१ व ४०५ किमी. अंतरावर असल्याचे ब्राझीलचे एफ. ब्रागा-रिबास व इतरांनी २०१४ मध्ये जाहीर केले. प्रजापतीच्या वेळची युक्तीच येथे उपयोगी पडली. दोन्ही बाजूंना समान अंतरावर प्रकाश कमी झाला की ते कडे समजावे. २१ जानेवारी २०१७ रोजी यूरोपातील दहा वेधशाळांनी हौमेआ या लांबट, सु. चार तासांत स्वतःभोवती फिरणाऱ्या बटुग्रहाभोवतीही सु. २,२८७ किमी. त्रिज्येचे कडे असल्याचे दाखविले. त्याचा मोठा अक्ष समजुतीपेक्षा लांब व म्हणून घनता समजुतीपेक्षा कमी निघाली. क्वावर या पिंडाचे कडे सर्वांत बुचकळ्यात टाकणारे आहे. २०१८ ते २०२१ या काळात नामिबियातील दूरदर्शक, यूरोपचा केऑप्स हा कृत्रिम उपग्रह व ऑस्ट्रेलियातील हौशी निरीक्षक अशा निरनिराळ्या साधनांनी मिळालेल्या नोंदी एकत्र केल्यावर ते सापडले व २०२३ मध्ये जाहीर झाले. त्याची त्रिज्या सु. ४,१०० किमी., म्हणजे क्वावरच्या त्रिज्येच्या सातपटींहून अधिक आहे. रोश मर्यादेच्या (ज्या अंतराच्या आत कड्यातील कण एकत्र येऊन उपग्रह बनत नाही त्या अंतराच्या) ते फार बाहेर पडते. आतापर्यंतच्या विचारसरणीनुसार एवढ्या अंतरावरील कण थोड्याच काळात एकत्र येऊन उपग्रह बनावयास हवा होता. अतिशीत बर्फाच्या कणांची टक्कर अधिक लवचिक असते म्हणून ते चिकटत नाहीत, असा एक तर्क पुढे आला आहे.

पिधानांची ही वाढती संख्या केवळ मोठ्या दूरदर्शकांमुळे झालेली नाही. यूरोपीय अवकाश संस्थेच्या गाइआ या यानाने तयार केलेल्या तारकासूचीचा पहिला भाग सप्टेंबर २०१६ मध्ये व निजगती (ताऱ्यांची आकाशातील स्वतःची गती) अंतर्भूत असलेला विस्तृत दुसरा भाग एप्रिल २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ताऱ्यांच्या स्थानांतील चूक विकलेच्या हजाराव्या भागाहूनही कमी झाली. पूर्वी जेथे अर्धे खंड व्यापतील इतके निरीक्षक पसरून ठेवावे लागत, तेथे आता पट्टा काही दहा किमी.पर्यंत सांगता येऊ लागला.

याची कसोटी अ‍ॅरोकॉथच्या निमित्ताने लागली. प्लूटोनंतर न्यू होरायझन्स यानाने जावे म्हणून २०१४ मध्ये हबल दूरदर्शकातून शोधलेला हा पिंड सु. ३६ किमी. लांबीचा आहे, पृथ्वीवरून त्याचा कोनीय व्यास विकलेच्या सु. एक सहस्रांश एवढाच भरतो. त्याचा आकार व नेमके स्थान कळल्याशिवाय यान जवळून नेणे धोक्याचे होते. मार्क ब्यूई यांच्या नेतृत्वाखाली ३ जून २०१७ रोजी अर्जेंटिना व दक्षिण आफ्रिका या दोन देशांत वाहून नेता येणारे दूरदर्शक रांगेने लावण्यात आले, परंतु एकालाही पिधान दिसले नाही. १७ जुलै रोजी अर्जेंटिनातील पॅटागोनिया भागात कोमोदोरो रिव्हादाव्हिया शहराच्या परिसरात पुन्हा दोन डझन दूरदर्शक उभारले गेले. ऐन हिवाळा होता व वारा जोराचा होता. स्थानिक अधिकाऱ्यांनी रस्त्यावरील दिवे मालविले, राष्ट्रीय महामार्गावरील वाहतूक दोन तास थांबविली व वाऱ्याला आडोसा म्हणून मालमोटारी उभ्या केल्या. पाच दूरदर्शकांना तारा क्षणमात्र नाहीसा झालेला दिसला. त्या पाच जीवा एका साध्या लंबगोलात बसेनात. पिंड दोन गोळे जोडल्यासारखा असावा असा अंदाज त्यावरून करण्यात आला. १ जानेवारी २०१९ रोजी यान सु. ३,५०० किमी. अंतरावरून गेले तेव्हा छायाचित्रांत नेमके तेच दिसले. यान पोहोचण्यापूर्वी पृथ्वीवरून केलेल्या आकाराच्या भाकिताचा इतका सरळ पडताळा क्वचितच मिळाला असेल.

अगदी लहान, एखादा किमी. आकाराचे पिंड कोणत्याही दूरदर्शकातून दिसणार नाहीत, त्यामुळे त्यांच्या पिधानांचे भाकीतही करता येत नाही. पुष्कळ ताऱ्यांवर सतत लक्ष ठेवून योगायोगाची वाट पाहणे एवढाच मार्ग उरतो. तो १९७६ मध्ये एम. ई. बेली यांनी सुचविला होता. अशा पिंडाची छाया विवर्तनामुळे (कडेवरून प्रकाश वळण्यामुळे) पुसट होते व तारा पूर्ण न झाकला जाता फक्त मंद होतो. हबल दूरदर्शकाचा रोख स्थिर ठेवणाऱ्या उपकरणांनी साडेचार वर्षे जमविलेल्या नोंदी तपासून एच. ई. श्लिख्टिंग व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये सेकंदाच्या सु. तीनदशांश टिकलेली अशी एक घटना शोधून काढली. पिंडाची त्रिज्या सु. अर्धा किमी. असावी. २०१९ मध्ये जपानच्या मियाको बेटावर केवळ २८ सेंमी. व्यासाचे दोन दूरदर्शक वापरून के. आरिमात्सु यांच्या गटाने सु. १·३ किमी. त्रिज्येचा एक पिंड असाच ओळखला. दोन दूरदर्शकांनी एकाच क्षणी तीच घट नोंदविल्यामुळे ती हवेतील थरथरीची नव्हे, हे म्हणता आले.

प्लूटोचे वातावरण आता कोणत्या दिशेने जात आहे, हा प्रश्न २०१९ नंतर पुन्हा पुढे आला. १७ जुलै २०१९ च्या पिधानावरून आरिमात्सु यांच्या गटाने दाब झपाट्याने कमी होत असल्याचे सुचविले. ६ जून २०२० रोजी झालेले पिधान हिमालयाच्या पायथ्याजवळील देवस्थळ (उत्तराखंड) येथील ३·६ मी. व १·३ मी. दूरदर्शकांतून वेधण्यात आले. नैनितालच्या ज्या संस्थेने १९७७ मध्ये प्रजापतीचे पिधान पाहिले होते, तिचेच हे नवे केंद्र होय. मोठ्या दूरदर्शकावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बनविलेला अवरक्त कॅमेरा होता. भारतीय व फ्रेंच शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विश्लेषणानुसार पृष्ठावरील दाब सु. १२ मायक्रोबार निघाला, म्हणजे २०१५ पासून तो जवळपास स्थिर होता. दोन्ही निष्कर्षांतील फरक मापनातील अनिश्चिततेच्या फार बाहेर नाही. त्यामुळे दाब खरोखर उतरू लागला आहे की नाही, हे पुढील पिधानांवरूनच ठरेल. ही संधी मात्र पूर्वीइतकी वारंवार येणार नाही. २००२ पासून सु. दीड दशक प्लूटो आकाशगंगेच्या दाट तारकाक्षेत्रांवरून सरकत होता, त्यामुळे त्याच्या मार्गात तेजस्वी तारे पुष्कळ येत. आता तो मकर राशीत गेला असून तेथे तारे विरळ आहेत.